सूट शिवण्याआधी शेपटी मोजा

समजा, तुम्हाला शेकरू व्हायचंय. भीमाशंकरच्या जंगलात या झाडावरून त्या झाडावर उड्या मारणारं, आपला राज्यप्राणी असलेलं शेकरू. तेही इन्स्टाच्या डीपीपुरतं नाही, तर डोक्यापासून पायाच्या नखांपर्यंत. गुबगुबीत गाल, तांबूस पाठ, फिकट पोट आणि मागे ती भलीमोठी शेपटी. तुमच्याच मापाचं, तुम्हीच आत शिरून चालवायचं. याला म्हणतात फरसूट.

ज्यांना हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. माणसासारखे चालणारे-बोलणारे प्राणी ज्यांना मनापासून आवडतात अशा लोकांची ‘फरी’ नावाची एक कम्युनिटी आहे. यातले बरेच जण स्वतःसाठी एक प्राणी-कॅरेक्टर तयार करतात, त्याला ‘फरसोना’ म्हणतात. १९८९ मध्ये कॅलिफोर्नियात या मंडळींचं पहिलं संमेलन भरलं. आज अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये दर उन्हाळ्यात ‘अँथ्रोकॉन’ होतं. २००६ पासून ते याच शहरात भरतं आणि त्यातली फरसूट परेड बघायला शहरातले लोक लेकराबाळांना घेऊन येतात. जर्मनीत ‘युरोफ्युरन्स’ आहे. जपानमध्ये मोठ्या डोळ्यांची, छोट्या तोंडाची, अ‍ॅनिमेसारखी दिसणारी ‘केमोनो’ नावाची वेगळीच स्टाइल आहे. आणि एक गैरसमज आधीच दूर करू या: फरी म्हणजे फरसूटवाला असं नाही. या कम्युनिटीतल्या बहुतेकांकडे सूट नसतोच. चित्र काढणं, गोष्टी लिहिणं, गेम खेळणं यातच ते खूश असतात. सूट नसण्याचं मोठं कारण पैसा, त्याकडे येऊच.

आपल्याकडे असा सूट म्हटलं की मॅस्कॉट आठवतो. २०१० च्या दिल्ली कॉमनवेल्थ गेम्सचा शेरा बघितला असेल. पण मॅस्कॉटच्या आत आज एक जण, उद्या दुसरा. तो कुणालाही बसेल असा ढगळ शिवलेला असतो. फरसूट एकाच शरीरासाठी बनतो. म्हणूनच त्याचं प्लॅनिंग अवघड असतं आणि म्हणूनच त्यात मजा आहे. डिझाइन, फॅशन, अ‍ॅनिमेशन शिकणाऱ्यांनी तर हे प्रकरण जरूर समजून घ्यावं. कागदावर सुंदर दिसणारी गोष्ट आणि घालता येणारी गोष्ट यातलं अंतर इथे जितकं स्पष्ट दिसतं तितकं क्वचितच कुठे दिसत असेल.

सुरुवात चित्रापासूनच होते. पण एका भारी पोझमधलं, मागे सूर्यास्त वगैरे असलेलं चित्र इथे कामाचं नाही. सूट बनवणाऱ्याला, म्हणजे मेकरला, लागते ती ‘रेफ शीट’. कॅरेक्टर सरळ उभं, समोरून, मागून आणि बाजूने. सावल्या नकोत, चमक नको, सपाट रंग हवेत. कारण चित्रात शेड दिलेला भाग हा वेगळा रंग आहे की नुसती सावली, हे मेकरला कळत नाही, आणि तो विचारायला विसरला तर तुमच्या शेकराच्या पाठीवर कायमची सावली शिवून येईल. शेपटीची खालची बाजू कोणत्या रंगाची? तळव्यावरच्या गाद्या कोणत्या? जीभ, नाक, पापण्या, कानाचा आतला भाग? पोटावरचा फिकट पट्टा मांडीवर नेमका कुठे संपतो? हे सगळं शीटवर लिहिलेलं हवं. एआयकडून एक झकास इमेज काढून ती मेकरला पाठवायचा मोह होईल. पण त्या इमेजला पाठच नसते. पाठ मागितली की कधी कधी दुसरंच शेकरू मिळतं, पट्टे तिसरीकडेच गेलेले. एखाद्या आर्टिस्टने काढलेलं चित्र वापरणार असाल, तर त्यावरून सूट बनवायची परवानगी त्याच्याकडून आधी घ्या.

आणि रंगांच्या बाबतीत जरा हात आखडता. चित्रात आणखी एक पट्टा वाढवायला दोन सेकंद लागतात. सुटात तोच पट्टा म्हणजे वेगळी फर विकत घ्या, तुकडा कापा, कडा जुळवा, शिवा, वरून केस सारखे करा. दोन्ही बाजूंना, आरशातल्यासारखं. कॅरेक्टरची किंमत अशी पट्ट्यापट्ट्याने चढत जाते.

आता शेकरूच का घेतलं ते सांगतो. खऱ्या शेकराची शेपटी त्याच्या डोकं-धडाच्या लांबीपेक्षाही मोठी असते. चित्रात ती काढायला धमाल येते. आता ती स्वतःच्या कमरेला लावून बघा. तेच प्रमाण ठेवलं तर शेपटी जमिनीवर लोळणार, हॉलमधली सगळी धूळ गोळा करणार आणि मागून येणाऱ्याचा पाय त्यावर पडणार. खारीसारखी पाठीवर उभी वळवायची म्हटलं तर आत सांगाडा लागतो. मग दारातून जाताना, लिफ्टमध्ये, खुर्चीत बसताना काय करायचं? आत रेक्रॉन ठासून भरलं तर वजन वाढतं आणि ते सगळं सुटाच्या कापडावर ओढ देतं, शिवण उसवते. म्हणून मोठ्या शेपटीत फोमचा हलका गाभा घालतात आणि ती सुटाला न शिवता आतल्या रुंद पट्ट्याला अडकवतात, म्हणजे भार कमरेच्या हाडावर येतो. तरी लांबी घोट्याच्या वर थांबवावीच लागते. थोडक्यात, तुमचं शेकरू चित्रातल्यापेक्षा आखूड शेपटीचं होणार. हा निर्णय पेन्सिल हातात असताना घेतला तर फुकट आहे.

डोळ्यांचंही असंच. फरसूटच्या डोक्यात तुम्ही साधारण त्या प्राण्याच्या डोळ्यांतूनच बघता. बुबुळ-बाहुली बारीक जाळीवर रंगवलेली किंवा छापलेली असते, बाहेरून ती भरीव दिसते आणि आतून आरपार. शिंपी कॉलरमध्ये घालतात ते बक्रम वेगळं, इथे लागतं ते जाळीदार. जाळीचा गडद भाग आतून चांगला दिसतो, पांढऱ्या भागावर उजेड पडला की समोर पांढरा पडदा. म्हणजे कॅरेक्टरची बाहुली जितकी मोठी आणि काळी, तितकं तुम्हाला जास्त दिसणार. रागीट, बारीक, मांजरासारखी उभी रेघ काढली असेल तर चित्रात ती कातिल दिसते, आतून मात्र किल्लीच्या भोकातून बघितल्यासारखं वाटतं. शेकराचे काळेभोर गोल डोळे या बाबतीत लॉटरीच.

यात एक छान गंमत आहे. डोळ्याचा पांढरा भाग पुढे आणि बुबुळ थोडं मागे, खोलात बसवलं की तुम्ही खोलीत कुठेही उभे राहा, ते डोळे तुमच्याकडेच वळून बघताहेत असं वाटतं. ना मोटर, ना सेन्सर, नुसता खोलीचा खेळ.

आतल्या माणसाचं काय?

डोकं बनवायच्या पद्धती मुख्यतः तीन. सोफ्याच्या गादीत असतो तसा फोम कापून, हॉट ग्लूने चिकटवून, कात्रीने कोरत कोरत आकार द्यायचा, ही जुनी आणि अजूनही लोकप्रिय पद्धत. हलकं, मऊ, पडलं तरी फुटत नाही. पण फोम घाम पितो. दुसरी, साच्यातून काढलेला रेझिनचा कडक मुखवटा. तिसरी, थ्रीडी प्रिंट. कडक कवचात चेहऱ्याभोवती हवा खेळायला जागा राहते आणि आतून पुसून काढता येतं, पण कुठे टोचू नये म्हणून गाद्या लावाव्या लागतात. कॅरेक्टरचं तोंड तुमच्या बोलण्याबरोबर हलायला हवं असेल तर खालचा जबडा बिजागरीवर आणि हनुवटीला इलॅस्टिकने जोडलेला लागतो. त्यासाठी तुमच्या हनुवटीचं माप अचूक हवं.

तोंड बंद की उघडं, हा प्रश्न एक्स्प्रेशनचा वाटतो. खरं तर तो श्वासाचा आहे. उघड्या तोंडातून हवा येते, काळ्या जाळीआडून खालचं थोडं दिसतंही. बंद तोंडाचं डोकं हवं असेल तर हवा कुठून येणार ते मेकरला आधीच विचारा. नाकाच्या आत छोटा फॅन बसवतात, पॉवर बँकवर चालणारा. तोही नंतर कोंबण्यापेक्षा आधी ठरवलेला बरा, कारण वायर आणि बॅटरीला जागा लागते.

कारण या सगळ्या प्रकरणात खरा धोका एकच आहे: उष्णता. आपलं शरीर घाम वाळवून थंड होतं. फरसूट म्हणजे अंगभर गुंडाळलेली हवाबंद रजई, घाम वाळणार कुठे? म्हणून संमेलनांमध्ये ‘हेडलेस लाउंज’ नावाची खोली असते. तिथे कॅमेरा चालत नाही, पंखे सुरू असतात, पाणी ठेवलेलं असतं आणि डोकी काढून लोक शांत बसलेले असतात. नवख्याने एका वेळी वीस-पंचवीस मिनिटं पुरे. चक्कर, मळमळ, डोकं ठणकणं, विचार गोंधळणं यातलं काहीही जाणवलं की त्याच क्षणी डोकं उतरवायचं, समोर लहान मुलं फोटोसाठी उभी असली तरी. सोबत एक मित्र लागतोच, त्याला हँडलर म्हणतात. पायऱ्या सांगणं, मागून शेपटी ओढणाऱ्यांना आवरणं, वेळ बघणं हे त्याचं काम. हाताची एक खूण आधी ठरवून ठेवायची, ती केली की ‘मला बाहेर काढ’.

पिट्सबर्गची गोष्ट निदान एसी हॉलची आहे. आपल्याकडे मुंबईच्या हवेत पंख्याखाली नुसतं बसूनही घाम वाळत नाही. कॉमिक कॉनमध्ये मोठे कॉश्च्युम घालणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. पूर्ण सूट घालून मे महिन्यात कॉलेजच्या ग्राउंडवर उतरायचा प्लॅन असेल तर तो रद्दच करा.

पाय कसे हवेत हेही इथेच ठरतं. साधे माणसासारखे सरळ पाय, की कुत्र्या-मांजरासारखे मागे वळलेल्या टाचेचे? दुसरा प्रकार दिसतो जबरदस्त. पण तो भास असतो. मांडीच्या पुढे आणि पोटरीच्या मागे फोमचं किंवा रेक्रॉनचं पॅडिंग भरून तयार केलेला. म्हणजे आणखी एक रजई. हे पॅडिंग काढता-घालता येणारं ठेवा, नाहीतर सूट धुतल्यावर ते दिवसेंदिवस वाळणार नाही. पंजे किती फुगीर हवेत ते ठरवताना त्याच हाताने पाण्याची बाटली धरायची आहे हे आठवा. चेन पाठीवर की पुढे? पाठीवरची दिसत नाही, पण ती उघडायला दुसरा माणूस लागतो. आणि बाथरूमचा प्रश्न तुम्हाला आत्ता विनोदी वाटेल, सुटात शिरल्यावर वाटणार नाही.

माप, म्हणजे स्वतःचा पुतळा

मेकर हजारो किलोमीटर दूर असेल तर माप कसं द्यायचं? यावर या लोकांनी काढलेला तोडगा भन्नाट आहे. अंगावर टाकाऊ ट्रॅकसूट किंवा पातळ ओव्हरऑल चढवायचा आणि मित्राने त्यावर गळ्याखालपासून घोट्यापर्यंत डक्ट टेप गुंडाळायची, दोन-तीन थर. मग टेपवर रेघा आणि जुळणीच्या खुणा काढून कात्रीने अलगद कापून बाहेर यायचं. ही पोकळ कात आत कागद भरून उभी केली की झाला तुमचा पुतळा. ‘डक्ट टेप डमी’. मेकर त्यावरच पॅटर्न बेततो.

हे करताना काही गोष्टी पाळाच. टेप अंगावर ओढून ताणायची नाही, हलकेच लावायची, नाहीतर पुतळा तुमच्यापेक्षा बारीक होतो आणि रक्तही अडतं. गळ्याभोवती घट्ट काही नको. पोट आत ओढून उभं राहायचं नाही, सूट आल्यावर श्वास घ्यायचाय. आधी पोटभर खा, पाणी प्या, कारण बराच वेळ उभं राहावं लागतं आणि काही जणांना घेरी येते. शेजारी टेबल असू द्या, टेकायला. बोथट टोकाची कात्री. आणि या कामाला असा मित्र निवडा, जो अर्ध्यातून रील काढायला पळणार नाही.

फरबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर दिशा. वेलवेट शिवणारा कोणताही टेलर हे सांगेल: एका बाजूने हात फिरवला तर मऊ, उलट फिरवला तर रंगच बदलतो. नकली फरचे केस नाकाकडून शेपटीकडे आणि खांद्याकडून हाताच्या पंजाकडे पडायला हवेत. पॅटर्नच्या प्रत्येक तुकड्यावर बाण असतो तो यासाठी. कापताना कात्रीने कचकच कापायचं नाही, उलट्या बाजूने फक्त मागचं कापड ब्लेडने चिरायचं, म्हणजे केस अखंड राहतात आणि शिवण त्याखाली लपते. चेहऱ्यावरचे केस ट्रिमरने बारीक करतात, गालांवर थोडे लांब, शेपटीवर भरगच्च. शेकराच्या बाबतीत कानांमधला तो पांढरा ठिपका बारीक फरचा हवा, नाहीतर टोपी घातल्यासारखं दिसेल. पूर्ण सुटाला साधारण चार-पाच मीटर फर लागते. ती एकाच लॉटमधली आणि थोडी जास्तीची घ्या, कारण पुढच्या लॉटमधला तांबूस हा आधीचा तांबूस असेलच असं नाही.

पैशाचं सोंग

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, असं आपल्याकडे म्हणतात. या म्हणीसाठी फरसूटइतकं चपखल उदाहरण नसेल. अमेरिकेत चांगल्या मेकरकडचा फुल सूट तीन-चार हजार डॉलरपासून पुढे जातो, नावाजलेल्या मेकरकडे दहा हजारांच्याही वर. म्हणजे रुपयांत अडीच लाखांपासून सुरुवात, त्यावर शिपिंग आणि कस्टम्स वेगळं. हे ऐकून ‘लूट आहे’ असं वाटेल. पण एक माणूस कित्येक आठवडे हाताने हे काम करतो आणि केसाकेसाला ट्रिमर लावतो. ताशी मजुरी काढून बघितली तर बऱ्याच मेकर्सना फार काही सुटत नाही.

शिवाय रांग. मेकर वर्षातून ठरावीक दिवसच ऑर्डर घेतात, मग महिनोन्‌महिने, कधी वर्षाहूनही जास्त वाट बघायची. अ‍ॅडव्हान्स भरण्याआधी त्यांच्या अटी शब्दन्‌शब्द वाचा. मेकर आजारी पडला तर काय? मधेच रद्द केलं तर किती परत? तुमचं माप बदललं तर? या मेकरचे तयार सूट लोक प्रत्यक्ष वापरताना दिसतात का, की नुसते स्टुडिओतले फोटो आहेत? व्हिडिओ मागा. काम चालू असताना फोमच्या टप्प्यावर मेकर फोटो पाठवतो, तेव्हा लाजू नका. ‘गाल जरा भरा’, ‘कान खाली घ्या’ हे सांगायची वेळ तीच. फर चढल्यावर तेच वाक्य म्हणजे सगळं उसवणं.

तुमच्याकडे अडीच लाख नसतील, आणि कॉलेजात असाल तर नसतीलच, तर पार्शल नावाचा मार्ग आहे. डोकं, पंजे, शेपटी एवढंच, बाकी अंगावर तुमचेच कपडे. खर्च कमी, उकाडा कमी, घामेजलेलं धुणंही कमी. आपल्या हवेत मी तर म्हणेन की पैसे असले तरी पार्शलच करा. शेकरावर हुडी आणि जीन्स शोभूनही दिसेल. कित्येक जण तर शेपटीपासून स्वतःच सुरुवात करतात: मीटरभर फर, रेक्रॉन, सुई-दोरा आणि कमरेचा पट्टा. ती बिघडली तरी शे-पाचशेचं नुकसान. डोकं मात्र पहिल्याच फटक्यात जमेल अशी अपेक्षा ठेवू नका.

सूट हातात आल्यावर पहिला शत्रू इस्त्री आणि हेअर ड्रायर. नकली फर म्हणजे अ‍ॅक्रिलिक, म्हणजे प्लास्टिकच. गरम हवेने केसांची टोकं वितळून कुरळी होतात आणि ती परत सरळ होत नाहीत. थंड पाणी, सौम्य साबण, वाळवायला साधा टेबल फॅन आणि कुत्र्यांना विंचरायचा तारांचा ब्रश. आत घालायला घाम शोषणारे, अंगाला बसणारे कपडे आणि डोक्याला बालाक्लावा, म्हणजे घाम आधी त्यात जातो आणि ते रोज धुता येतात. जुलैत मुंबई-कोकणात सूट धुवायला काढू नका. तो चार दिवस ओला राहील, बुरशी धरेल आणि त्या वासाचं शेकरू कुणालाच जवळ घ्यावंसं वाटणार नाही. आणि हो, डोकं खोक्यात कोंबून ठेवू नका, कान वाकतात.